तुझं तुला

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आलो एकदाचा. सातारा ते दापोली एसटीनं अंगाचा पार खुळखुळा केला. तिथून बुरोंडीकडे येणाऱ्या रिक्षात दोन बॅगा, वळकटी आणि एक लांबुळका खोका मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्यानं तीनदा विचारलं, खोक्यात बंदूक आहे का. शेवटच्या उतारावर समुद्र दिसला आणि मला हसूच आलं. किती दिवसांनी हसलो, माझं मलाच नवल वाटलं.

घर छान आहे. जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर आणि चार रातांबे. मालक केरू, माझ्याच वयाचा, लोकांच्या आंब्याच्या बागा राखतो आणि बोलायला भलता कंजूष. जेवणाचा डबा त्याची भावजय गंगुबाई देणार आहे. ती बोलण्याची सगळी कसर भरून काढते. ही वाडी माझ्या बायकोचं, उमाचं, माहेर. तिच्या आईवडिलांचं घर कधीच विकलं गेलं, तिथं आता कुणाची तरी कलमं उभी आहेत, पण वाडी मला अजून जावईच समजते. "जावयबापू, आता हितं आरामात ऱ्हावा," असं म्हणून गंगुबाईनं घावनांची ताटली पुढे केली. चारऐवजी सहा खाल्ली.

उमा एकवीसच्या एप्रिलमध्ये गेली, करोनात. निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहू, हा तिचा हट्ट मी तीस वर्षं "बघू" म्हणत टाळला. आता एकटा आलोय. तिच्या अस्थी मी इथल्याच खडपावरून, समुद्रात घुसलेल्या खडकावरून, सोडल्या होत्या, म्हणजे तशी ती माझ्याआधीच येऊन राहिली आहे.

आमची मुलगी ऋजुता कॅनडात असते. तिनं बजावलंय, बाबा, रोज चार ओळी लिहा. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं मी जमिनीखालची तुटलेली केबल शोधून जोडत होतो. लिहायची सवय काय ती फॉल्टबुकाची. कुठं खणलं, किती खोल, काय सापडलं. तसंच लिहीन.

११ नोव्हेंबर, सोमवार

खोक्यात बंदूक नाही, मेटल डिटेक्टर आहे. डॉक्टर म्हणाले रोज तासभर चाला. मी म्हणालो, कारणाशिवाय चालायला मला जमत नाही. मग ऋजुतानं पासष्टीला हे कारण पाठवून दिलं. सरकारनं राखलेल्या किल्ल्याच्या वाटेला जायचं नाही, खणलेला खड्डा बुजवायचा, आणि कुणाची वस्तू मिळाली तर मालकाचा शोध घ्यायचा, अशा तीन अटी मी स्वतःलाच घातल्या आहेत.

कुठं फिरू, म्हणून केरूला विचारलं. "कुटंपन फिरा. फकस्त पलीकडं जाव नका." पलीकडं म्हणजे कुठं? त्यानं ओहळ आणि समुद्र यांच्या मधे कुठंतरी हात केला आणि कोयता घेऊन निघून गेला. वाळू मधोमध कापत एक ओहळ समुद्राला मिळतो. त्याच्या पलीकडे कुणाची खाजगी बाग असणार. मी शब्दाचा पक्का, ओहळ ओलांडला नाही.

दोन तासांत बाटल्यांची सहा झाकणं, जाळ्याची शिशाची वजनं, बॅगेच्या चेनची एक पट्टी आणि पाच रुपयांचं नाणं. त्या नाण्यानं रडवलं. यंत्राची थाळी एवढंच सांगते की ह्या ताटाएवढ्या गोलाखाली काहीतरी आहे. मग ओंजळीओंजळीनं वाळू उपसा, प्रत्येक ओंजळ थाळीवरून फिरवा. नाणं चार वेळा बोटांतून निसटून परत खड्ड्यात पडलं. पाठीचे टाके ढिले झाले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नेटवर वाचलं. माझ्यासारख्यांसाठी पिनपॉइंटर नावाची चीज असते. वीतभर लांब, टोकाशी निमुळती, हातात धरायची. थाळीनं जागा दाखवली की खड्डा करायचा आणि हे टोक आत घालून नेमकी वस्तू शोधायची. केबलच्या कामात आम्ही आधी नळी कुठली ते शोधायचो आणि मग तिच्यातली तार, त्यातलाच प्रकार.

निवडायला तीन दिवस घातले. उमा असती तर म्हणाली असती, मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात. पण घाई केली की फसायला होतं. पहिली गोष्ट म्हणजे तो पाण्यात बुडाला तरी चालला पाहिजे. नुसते शिंतोडे सोसणारा समुद्रावर काय कामाचा. दुसरी म्हणजे थरथर. माझा डावा कान गेल्यातच जमा आहे आणि लाटांच्या आवाजात उजवाही हात टेकतो. मुठीत थरथरला की कळतं. तिसरी गोष्ट, संवेदना कमीजास्त करायचं बटण हवं. इथल्या वाळूत काळे लोहकण आहेत आणि जांभा तर लोखंडाचाच भाऊ. बटण नसेल तर तो कशालाही थरथरत बसेल. आणि रंग भडक हवा, म्हणजे वाळूत पडला तर दिसेल. स्वस्तातला एक होता, पण त्याची थरथर बंद करता येत नव्हती आणि आवाजही. असल्या हट्टी वस्तूशी माझं पटत नाही. शेवटी नारिंगी रंगाचा मागवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पिनपॉइंटर आला. पार्सल वाडीपर्यंत येत नाही, दापोलीच्या स्टँडवर जाऊन आणावं लागलं. गंगुबाईनं उलटसुलट करून बघितला आणि "गाजर हाय जनू" म्हणाली. मी तिच्या उजव्या कानातल्या कुडीजवळ नेला तर थरथरला. ती दचकली आणि मग पोट धरून हसली. डाव्या कानात तिच्या काहीच नसतं.

पहिले दोन तास चुकतच होतो. हवेत धरून चालू केला की ओल्या वाळूत शिरताच उगाच थरथरायचा. मग युक्ती सापडली. टोक वाळूला टेकवूनच चालू करायचा, म्हणजे त्या वाळूला तो शून्य धरतो. संवेदना एक घर खाली. खड्ड्यात आधी तळ, मग चारी भिंती. बऱ्याचदा वस्तू भिंतीत असते आणि आपण खुळ्यासारखे खाली खणत राहतो. फारच थरथरायला लागला तर तिथल्या तिथं बटण दाबायचं, की तो फक्त बोटभर अंतरावरचं ओळखतो. आज एका तासात अकरा वस्तू काढल्या. सगळा कचरा, पण जीव रमला.

प्रत्येक वस्तू कुठं सापडली ते वेगळ्या छोट्या वहीत लिहितो. जुनी सवय.

आज पुन्हा ते स्वप्न पडलं. उमा समोर उभी आहे, ओठ अर्धवट उघडे, बोलत काही नाही. ऋजुताला हे सांगितलेलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे आणि ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. माणूस गेलं की तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात. उमाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलं, लांबूनच दाखवलं. तिचं मंगळसूत्र दवाखान्यानं एका पाकिटात माझ्या हातात दिलं होतं, ते माझ्या खिशात होतं. तिथल्या कर्मचाऱ्यानं विचारलंही, काही घालायचंय का, मी झटकन घालतो. नको म्हणालो. घरी आल्यावर खिशात हात गेला. ती रिकाम्या तोंडानं गेली आणि ते माझ्यामुळे.

२४ नोव्हेंबर, रविवार

ओहळाच्या अलीकडेच, सुरूच्या झाडांमागे एक चांगली जागा सापडली. वाळूत अर्धे बुडालेले चार जांभे दगड चौकोनात आहेत. जुनी होडी ठेवायची जागा असावी. वाळू इथं अधिकच काळी आणि मधूनमधून कोळशाचे तुकडे. पर्यटक शेकोट्या करतात, दुसरं काय.

थाळीनं अगदी बारीक आवाज दिला. कोपरभर खणलं तरी दिसेना. पिनपॉइंटरचं टोक भिंतीला लावलं आणि तो हलकेच थरथरला. चिमटीत सोन्याचा मणी आला, मोहरीहून जरा मोठा. तासाभरात आणखी दोन. कुण्या पाहुणीचं मंगळसूत्र पाण्यात तुटलं असणार आणि भरतीनं मणी इथवर आणले असणार. बिचारी किती शोधत असेल. मणी सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि जागा वहीत टिपल्या. दुसऱ्या दगडापासून अकरा पावलं, हात दीड हात खोल, वगैरे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आता सात झाले. पण हे एका मंगळसूत्रातले नाहीत. तीन गोल मणी आहेत, मंगळसूत्राच्या वाट्यांचे दोन बारीक तुकडे, एक तारेचं वेटोळं आणि एक कानातल्याची फिरकी. कोडं आहे.

डब्यातल्या भातात वाळू लागते. गंगुबाईला हळूच सांगितलं तर ती दुखावली, म्हणाली तांदूळ घरचा आहे, तीनदा धुते. आज तिच्यासमोरच खाल्लं. तिनं त्याच टोपातला भात खाल्ला, तिला काही लागलं नाही. माझ्या दातांखाली कचकच वाजत होतं.

पिनपॉइंटर टेबलावर आपोआप थरथरतो. ओल शिरली असेल. बॅटरी काढून ठेवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता, चांगलं ऊन असताना, सुरूंच्या मागे गेलो. चार दगडांपाशी माणसं उभी होती. मला वाटलं वाडीतलीच. समुद्राकडे पाठ, माझ्या घराकडे तोंड. हाक मारली. कुणी हललं नाही. देवळात तीर्थ घ्यायला रांगेत थांबतात तशी ती थांबली होती, फक्त हात पुढे नव्हते. तोंडं उघडी होती. मोजली, सात.

चष्मा पुसला. कुणी नव्हतं. वाळूवर पावलंही नव्हती, आणि मी तर ओली वाळू बघण्यात मुरलेला माणूस.

घरी आलो तर टेबलावर पिनपॉइंटर थरथरत होता. बॅटरी खिडकीत होती, मीच ठेवलेली.

१ डिसेंबर, रविवार

आज अमावास्या. डबी गंगुबाईला दाखवली. कुणाचं काही हरवलंय का वाडीत, असं विचारायचं होतं. तिनं बोटानं मणी बाजूला सारले आणि फिरकी उचलली. उजेडाला धरली.

"कुटं गावली?"

चार दगडांपाशी, म्हणालो.

ती पडवीत खाली बसली. "ता पलीकडं हाय, जावयबापू."

मग तिनं सांगितलं. त्या जागेचं नाव वाडीत कुणी तोंडानं घेत नाही, पलीकडं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या तिथं चिता रचल्या. समुद्रानं किनारा खाल्ला तेव्हा वर सड्यावर, कातळाच्या माळावर, त्यासाठी पत्र्याची शेड झाली, त्याला सहा वर्षं झाली. कोळसा शेकोट्यांचा नव्हता. आमच्याकडे साताऱ्याला राख नदीला जाते, तोंडातलं सोनंही तिच्याबरोबर जातं, पुन्हा कुणाला दिसत नाही. इथं ते वाळूत राहतं. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. सात लोकांच्या तोंडातून मी सोनं काढून सुपारीच्या डबीत ठेवलं होतं.

फिरकी तिच्या नितेशची. नितेश तिचा एकुलता एक मुलगा. मुंबईला नोकरीला होता, कावीळ घेऊन आला आणि आठ दिवसांत गेला, सव्वीसचा होता. उजव्या कानातल्या कुडीखेरीज घरात सोन्याचा कण नव्हता. तिनं डाव्या कानातली कुडी विकून दवाखाना केला होता, फिरकी तेवढी राहिली होती. ती तिनं त्याच्या जिभेवर ठेवली. मला वाटलं आता ती फिरकी उराशी धरेल, घरी नेईल. तिनं ती डबीत परत ठेवली.

"दिल्यालं परत घेत नाय. ज्याचं त्याला नेऊन ठेवा. तुजं तुला म्हनायचं आन् मागं न बगता यायचं." माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, सोमवार

वहीमुळे प्रत्येक जागा पावलानिशी सापडली. सकाळच्या उन्हात एकेक खड्डा केला, एकेक कण ठेवला, तुझं तुला म्हणालो, बुजवला. फिरकीच्या वेळी गंगुबाई सुरूंपाशी उभी होती. तिनं पदर तोंडावर धरला होता. तिनं मागून विचारलं, "सगली ठेवलाव?" मी हो म्हणालो.

खोटं बोललो. सहाच ठेवले. दुसऱ्या दगडापासून अकरा पावलांवरचा गोल मणी माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.

मला चोर म्हणा. उमाचं मंगळसूत्र ऋजुता घेऊन गेली, म्हणून बावीस साली मी उमासाठी पेढीवरून नवा मणी घेऊन खडपावरून सोडला होता. तो पोचला नाही, स्वप्न थांबलं नाही. हा मणी एकदा तोंडात जाऊन आलेला आहे, ह्याला वाट ठाऊक आहे. कुणाचा होता ते गंगुबाईलाही माहीत नाही. इतका जुना, त्याला विचारायला आता कोण येणार आहे?

४ डिसेंबर, बुधवार

काल संध्याकाळी उजेड असतानाच खडपाच्या टोकाला गेलो. मणी पाण्यात सोडला. तुझं तुला, म्हणालो. जीभ जरा अडखळली.

स्वप्न पडलं नाही. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. सकाळी भातात वाळू नव्हती. ऋजुता फोनवर म्हणाली, बाबा, आज तुमचा आवाज मोकळा वाटतोय. मी तिला विहिरीवरच्या खंड्याचं वर्णन करून सांगितलं. ती रडली. मीही थोडा.

५ डिसेंबर, गुरुवार

दगडांपाशी एकजण उभी आहे.

बाकीचे सहा गेले. ही बुटकी, म्हातारी, हिरवं नऊवारी, कपाळावर जुन्या जखमेची आडवी चीर आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तोंड उघडं. आज चष्मा पुसला तरी गेली नाही. भर अकरा वाजता.

गंगुबाईला जखमेबद्दल आणि ठिपक्यांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, आवो, त्या तर उमाच्या आई. तुमच्या सासूबाई. नारळ काढताना शिडीवरून पडल्या होत्या, त्याची ती खूण. त्या गेल्या तेव्हा उमानं सगळ्यांसमोर दातानं आपल्या मंगळसूत्रातला मणी तोडला आणि आईच्या तोंडात घातला.

लग्नानंतर मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं, तेही पदर तोंडावर ओढलेला, म्हणून ओळखलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी आलो नव्हतो. पावसात केबल बुडाली होती, रजा मिळाली नाही. उमाच्या मंगळसूत्रात डाव्या बाजूला एक मणी कमी होता. मी सोनाराला नावं ठेवली होती. तिनं मला ठेवू दिली होती.

तिनं आईला दिलेलं सोनं मी आईच्या तोंडातून काढलं. आणि तिलाच दिलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज दोघी. उमा ओल्या पातळानं, आईच्या शेजारी. दवाखान्यात नेलं त्या दिवशीचं पातळ. तिचे ओठ मिटलेले आहेत. दातांत काहीतरी धरलंय. माझ्याकडे बघत होती. शेजाऱ्यांची वस्तू मी न विचारता घरी आणली की बघायची, तशी.

जवळ जाता आलं नाही. पाय वाळूत रुतले.

७ डिसेंबर, शनिवार

सासूबाई गेल्या. दुसऱ्या दगडापासून अकरा पावलांवर पिनपॉइंटर टेकवला. थरथरला. मणी जागेवर आहे. उमानं आईचं आईला दिलं.

खूप बरं वाटलं. वळलो.

उमा माझ्यामागे उभी होती. तोंड उघडं. स्वप्नातल्यासारखंच, पण उन्हात —

८ डिसेंबर, रविवार

ती पडवीत आहे. काल माझ्यामागून आली. बसत नाही. पाण्याचे थेंब पडतात, जमीन ओली होत नाही.

सकाळी दापोलीला गेलो. सोन्याचा मणी आणला. तिच्या ओठांपर्यंत नेला. तिनं मान वळवली. पायरीवर ठेवला, तो तिथंच आहे. मुंग्यासुद्धा त्याला वळसा घालून जातात.

गंगुबाई डबा घेऊन आली ती उमाला घासूनच आत गेली. तिला काही दिसलं नाही. म्हणाली, जावयबापू, तुमी जेवत नाय, लय खंगलाव. आजची रात केरूकडं चला झोपाय. नको म्हणालो. बायकोला पडवीत एकटं कसं टाकू.

भीती वाटते. पण तिची कीवच जास्त येते. नको म्हणालो होतो, तो शब्द परत घेता आला तर —

९ डिसेंबर, सोमवार. सकाळ

पिनपॉइंटर घेतला. वाटलं, बघावं तरी, तिच्या तोंडात खरंच काही नाही का. अजून आशा, वेडी. टोक ओठांपाशी नेलं. काहीच नाही. थंड हवा तेवढी आली, ओल्या वाळूची.

हात मागे घेतला. माझ्या गालाजवळून जाताना तो थरथरला.

परत नेला. थरथरला. डावी दाढ. शहाण्णव साली सोन्याची टोपी बसवली होती. उमाच्याच हट्टानं. विसरूनच गेलो होतो.

जन्मभर तोंडात असलेलं सोनं. कुणाचं हिसकावलेलं नाही, बाजारातलं नाही. माझं स्वतःचं.

उमा पहिल्यांदा माझ्या दिशेनं एक पाऊल पुढे आली.

गंगुबाईला दाढ दाखवली. ती हसली, म्हणाली, मग तुमच्या माघारी लेकीला काय घोर नाय, तुमचं सोनं तुमच्या तोंडातच हाय.

दुपार

ऋजुताचा फोन वाजत होता. घेतला नाही. काय सांगणार. तिला तिथून यायला दोन दिवस लागतील. दोन दिवस उमानं तसंच उभं राहायचं?

जोडारीची पेटी बरोबर आणली नाही, पण पक्कड आहे. तिची सवय सुटत नाही. पाण्यात उकळली.

आरसा पडवीत लावला. आरशात मी एकटा —

दोनदा निसटली.

छातीत कळ येते. थांबतो.

—

निघाली. मुळासकट. वहीवर पडतंय, शाई फुटते. पुसत बसायला वेळ

तुझं तुला म्हणालो. जीभ जड. नीट उमटलं नाही. तिला कळलं. तिनं तोंड पुढे केलं, लहान मुलासारखं, आणि मी जिभेवर ठेवलं. थंडगार. ठेवलं. या हातानं ठेवलं.

उमानं तोंड मिटलं.

किती बरी दिसते. एवढीशी होती ही. मी विसरलो होतो, ओठ मिटले की हिच्या गालाला —

शेजारी बसली आहे. कळ थांबली. काहीच दुखत नाही आता. पेन हलकं. ती माझ्याकडे बघत नाही, खाली बघते आहे, जमिनीवर. कुणीतरी आडवं पडलंय तिथं. सदरा माझ्यासारखाच, रक्त —

ती बोलते आहे. तोच आवाज. म्हणते, अहो, तुमचं तोंड उघडं —